बत्तीस मिनिटांची नोंद

गल्लीत सगळे त्यांना कमांडर म्हणत. वास्तविक नौदलाची नोकरी त्यांनी चौतिसाव्या वर्षीच सोडली होती. पुढची चोवीस वर्षे ते निरनिराळ्या देशांतल्या दूतावासांत होते, त्यांतली शेवटची सहा राजदूत म्हणून. पण राजदूत हा काही हाक मारण्याजोगा शब्द नव्हे. दूधवाल्याने जिन्याखालून "राजदूतसाहेब, पिशवी" असे ओरडावे, हे खुद्द दूधवाल्यालाही पटले नसते. शिवाय शहात्तराव्या वर्षीही कमांडर पाय किंचित फाकवून चालत; जणू रस्ता कोणत्याही क्षणी एका बाजूला कलेल. तेव्हा कमांडर हेच नाव टिकले.

फक्त थोरली बहीण त्यांना बाळ म्हणे. ताई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. कमांडरांची पत्नी गेली तेव्हा त्या 'चार दिवस' म्हणून राहायला आल्या, त्याला आता नऊ वर्षे होत आली होती. येताना त्यांनी दोन लुगडी, एक औषधांचा डबा आणि लाल शाईचे पेन आणले होते. त्यांतले पेन सर्वांत आधी उपयोगात आले, कारण कमांडर पुस्तके लिहीत.

सहा पुस्तके झाली होती. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या करामती, बंदरातल्या माकडाने पळवलेली कप्तानाची टोपी, परदेशी मेजवानीत चुकीच्या पाहुण्याला दिलेला हार, असा सगळा मजकूर. भाषा स्वच्छ, विनोद सभ्य. शाळांच्या ग्रंथालयांत ती असत आणि बक्षीस समारंभांत हमखास वाटली जात. हस्तलिखित आधी ताईंकडे जाई. त्या ऱ्हस्वदीर्घ तपासत, समासात 'पुन्हा तेच' असे लिहीत आणि परत देत. सातव्या पुस्तकाची तेरा प्रकरणे त्यांनी अशीच परत केली, तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत काहीच लिहिलेले नव्हते.

"काही नाही लिहिलंस," कमांडर म्हणाले.

"लिहायचं होतं, पण समासात मावेना." ताईंनी चष्मा पुसला. "बाळ, सात पुस्तकं झाली तुझी समुद्रावर. एकातही कोणी बुडत नाही."

"विनोदी पुस्तकं आहेत, ताई."

"पुस्तकं असतील. समुद्र विनोदी असतो का?"

कमांडरांनी पाने सारखी केली, त्यांना दोरी बांधली, आणि नको असतानाही दुसऱ्यांदा चहा मागितला. ताईंनी तो करून दिला आणि समोर बसून राहिल्या. चाळीस वर्षे मुलांना खोटे बोलताना पाहिलेली ती बाई होती. घाई करून काही निघत नाही, हे तिला ठाऊक होते.

त्यानंतर अकरा दिवसांत कमांडरांनी चौदावे प्रकरण लिहिले. पन्नास वर्षे जे कोणालाही सांगितले नव्हते, ते त्यात होते.

ते सव्वीस वर्षांचे होते, तेव्हाची गोष्ट. जहाज पूर्वेकडे चालले होते. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाला आपली घड्याळे मधूनमधून पुढे करावी लागतात, नाहीतर सूर्य आणि जेवणाची घंटा यांचा मेळ राहत नाही. त्या दिवशी दुपारी चार वाजता घड्याळे अर्धा तास पुढे करायची होती. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने ब्रिजवरचे, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथले घड्याळ पुढे करायचे, खाली इंजिनरूमला फोन करून त्यांचे करायला लावायचे, आणि लॉगबुकात तशी नोंद करायची. तीन कामे, मिळून एक मिनिट. चार ते सहाच्या पहाऱ्यावर कमांडर होते. त्यांनी ब्रिजवरचे घड्याळ पुढे केले. तेवढ्यात हवामानाचा संदेश आला, मग वारा फिरला, मग मागच्या भागात एका झाकणाचा दोर सुटल्याचे कळले आणि त्यांनी जहाजावरच्या सुताराला तिकडे धाडले. फोन राहिला. नोंद राहिली.

मागच्या टोकाला टेहळणीवर वीस वर्षांचा एक खलाशी होता. नजर अशी की दुर्बीण घेतलेल्यांच्या आधी त्याला दिवा दिसे. म्हणून सगळे त्याला घार म्हणत. सुतार आणि तो वरच्या-खालच्या बाकांवर झोपत. मोठी लाट आली ती त्याच्याच बाजूने. ती ओसरल्यावर तो स्वतः कठड्याला लोंबकळत होता, आणि सुतार जिथे ओणवा होता तिथे फक्त सुटलेला दोर होता. घार बेंबीच्या देठापासून ओरडला. कमांडरांनी जहाज वळवले, होडी सोडली, अंधार पडेपर्यंत शोधले. सुतार सापडला नाही.

ती लाट इंजिनरूमलाही जाणवली होती. खाली एक नळ निखळला आणि तिथल्या माणसाने आपल्या वहीत आपल्या घड्याळाप्रमाणे लिहिले: चार वाजून दहा मिनिटे, जबर धक्का. कमांडरांनी ब्रिजवरच्या घड्याळाप्रमाणे लिहिले: चार वाजून बेचाळीस मिनिटे, टेहळ्याची हाक, माणूस पाण्यात. सहा वाजता पुढचा अधिकारी आला. खालचे घड्याळ मागे आहे आणि लॉगबुकात नोंद नाही, हे पाहून त्याला वाटले, हे काम आपल्याच वाट्याला ठेवले असावे. त्याने फोन केला, घड्याळ जुळवले, नोंद केली. नोंद सहा वाजताची होती.

म्हणजे कागदावर असे उतरले: लाट आली चार दहाला, टेहळ्या ओरडला चार बेचाळीसला. बत्तीस मिनिटे.

चौकशी समितीत तीन वयस्क अधिकारी होते, आणि कोणीही दुष्ट नव्हते. त्यांनी घारला विचारले, मधली बत्तीस मिनिटे तू काय करत होतास? तो म्हणाला, मी लगेच ओरडलो. त्यांनी दोन वह्या त्याच्यापुढे ठेवल्या. मग कमांडरांना विचारले, "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"चार बेचाळीसच्या आधी तुम्ही कोणतीही हाक ऐकली होती?"

"नाही."

दोन्ही उत्तरे खरी होती. घार बडतर्फ झाला. कारण लिहिले गेले: पहाऱ्यावर झोप, त्यामुळे एका सहकाऱ्याचा मृत्यू.

पुढे कमांडर नौदलाचे प्रतिनिधी म्हणून एका दूतावासात गेले आणि मग तिकडचेच झाले. त्या घटनेला अकरा वर्षे झाली असताना एके सकाळी एक तरुण कारकून दोन तारा घेऊन आला. दोन राजधान्यांतून आलेल्या, एकाच भेटीबद्दलच्या. एकीत वेळ दहाची, दुसरीत साडेअकराची. कोणीतरी थाप मारते आहे, असे त्याचे म्हणणे. कमांडर हसून म्हणाले, "थाप कशाला? वेळ लिहिली की आधी विचारायचं, घड्याळ कुणाचं."

कारकून समजला आणि गेला. कमांडर मात्र खुर्चीतच बसून राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तो न केलेला फोन आठवला होता. दुपारी दोन वाजता शिपायाने येऊन विचारले, जेवणार नाही का, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो माफी मागून निघून गेला.

त्या आठवड्यात त्यांनी नौदलाच्या मुख्यालयाला पत्राचा मसुदा केला. मग दुसरा केला. असे सात. दूतावासातल्या माणसाचे कौशल्य असे असते की प्रत्येक मसुद्यात भाषा सुधारते आणि मजकूर पातळ होतो. पहिल्यात 'माझ्या चुकीमुळे एका निरपराध माणसाला शिक्षा झाली' असे होते. सातव्यात 'तत्कालीन नोंदींचा यथावकाश फेरविचार झाल्यास तो अप्रस्तुत ठरणार नाही' एवढे उरले. बढती तोंडावर आली होती. सातवा मसुदा खणात गेला, आणि पुढच्या बदलीत तो खणही मागे राहिला.

हे सगळे चौदाव्या प्रकरणात होते, मसुद्यांसकट. ताईंनी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचले. लाल पेन उघडले नाही.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "आजवरचं सगळ्यात चांगलं." आणि मग, "आहे का तो?"

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतोस? घार."

कमांडर पाण्याचा पेला शोधू लागले.

"म्हणजे शोधलंसुद्धा नाहीस. मग काय करणार होतास? छापून झालं की सप्रेम भेट लिहून पाठवणार होतास?"

"जाहीरपणे लिहितोय, ताई. नाव लपवलं नाही, चूक लपवली नाही. यापेक्षा जास्त माणूस काय करणार?"

"समोर जाऊन सांगणार." ताईंनी पाने त्यांच्या हातात दिली. "हजार लोकांसमोर कबूल होणं सोपं असतं, बाळ. आमच्या शाळेतली पोरं प्रार्थनेच्या वेळी पटकन हात वर करायची. ज्याची पाटी फोडली त्याच्याकडे जा म्हटलं की रडायची."

"तू येशील बरोबर?"

"नाही. माझ्यासमोर तू गोड बोलशील."

निवृत्त खलाशांच्या संघटनेचे कार्यालय एका पतपेढीच्या वरच्या मजल्यावर होते. तिथल्या कारकुनाने यादी पाहिली आणि मान हलवली. बडतर्फ माणसे यादीत नसतात. मग त्याला काहीतरी आठवले. "पण त्याचा पत्ता आहे आपल्याकडे. दरवर्षी एक कार्ड येतं त्याचं. कोणी एक सुतार वारला होता म्हणे जहाजावर, त्याच्या बहिणीचा पत्ता बदलला तर कळवा म्हणून." कारकुनाने पत्ता एका चिठोऱ्यावर उतरवला. "का लिहितो, देव जाणे. आम्ही फक्त उत्तर देतो, बदललेला नाही म्हणून."

बसने तीन तास लागले. छोटे शहर होते. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. दारातच शिवणयंत्रावर एक तिशीतली बाई गणवेशाच्या चड्ड्यांना काजे करत होती. कमांडरांनी कोणाला भेटायचे ते सांगितले. तिने आत तोंड करून हाक दिली, "बाबा, कोणी साहेब आलेत."

"कोण साहेब?"

"माहीत नाही. तुमच्यासारखे चालतात."

सत्तर वर्षांचा एक सडपातळ माणूस बाहेर आला. त्याने एकदाच पाहिले. पायांतल्या सपाता जुळल्या, पाठ ताठ झाली. "साहेब," तो म्हणाला.

"कसे आहात तुम्ही?"

"मला 'तुम्ही' नका म्हणू, साहेब. ऐकवत नाही."

आत एक खाट, एक कपाट, भिंतीवर मोठे गोल घड्याळ. घारने खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभा राहिला. सुनेने चहा ठेवला आणि आपणहून माहिती पुरवायला सुरुवात केली. बाबांनी चौतीस वर्षे शाळेची घंटा दिली. एक दिवस इकडचे तिकडे नाही. लोक घंटेवर घड्याळे लावत. "आणि गंमत सांगू का, शिपायाला स्टूल असतं ना दाराशी? बाबा त्यावर कधी बसलेच नाहीत. हेडमास्तर म्हणायचे, अहो, स्टूल रडतंय तुमच्यासाठी. निवृत्त झाले तर त्यांना तेच स्टूल भेट दिलं." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवले. स्टुलावर पाण्याचा माठ होता. "आता माठ बसतो त्यावर."

"पुरे गं," घार म्हणाला. "पोराला आणायची वेळ झाली. बारा मिनिटं आहेत."

"बघा," ती म्हणाली आणि हसत चपला घालून जिना उतरली.

कमांडरांच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत चौदावे प्रकरण. बसमध्ये त्यांनी बोलण्याची सुरुवात तीनदा जुळवली होती. पण आधी घारच बोलला.

"तुमचं पुस्तक आहे घरात, साहेब. नातवाला बक्षीस मिळालं. मी सगळं वाचलं. दोनदा."

"आवडलं?"

"तेवढ्यासाठी नाही वाचलं." घारने कपाटावरचे पुस्तक उगाचच सरळ केले. "आपला तो दिवस असेल म्हणून वाचत होतो. भीत भीत पान उलटायचो. शेवटपर्यंत नव्हता. मग ग्रंथालयातून बाकीचीही आणली. त्यांतही नव्हता. मला फार बरं वाटलं, साहेब. म्हटलं, एवढ्या गोष्टी लिहिल्या, पण माझी लाज राखली. कोण राखतं हो?"

जुळवलेल्या तिन्ही सुरुवाती कमांडरांच्या मनातून पुसल्या गेल्या. त्यांनी मग लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. घड्याळ पुढे केले होते. खाली फोन केला नाही. लिहिले नाही. माझे चार बेचाळीस म्हणजे खालचे चार बारा. लाट आणि हाक यांच्यात दोन मिनिटे होती, तीसुद्धा तू कठड्याला लोंबकळत होतास म्हणून.

घारने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ओठ हलले, तो आकडे जुळवत होता. जुळले तेव्हा तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी जागा होतो."

"जागा होतास."

"मला वाटायचं तसं. सुरुवातीला." तो खाटेच्या दांडीला धरून उभा होता. "पण दोन वह्या होत्या, साहेब. दोन्ही साहेब लोकांच्या हातच्या. मग मी विचार केला, झोपलेल्या माणसाला थोडंच कळतं आपण झोपलोय ते? डोळा उघडला की त्याला वाटणार, लाट आत्ताच आली. असंच झालं असणार. दुसरं काय असणार?" त्याने दांडीवरचा हात बदलला. "आई नव्हती मानत. अडाणी होती. तिचं एकच पालुपद. हा पाळण्यात झोपला नाही, जहाजावर काय झोपतोय? नळावर बायकांशी भांडायची माझ्यापायी. कोणी नुसतं हसलं तरी हंडा खाली ठेवून भांडायची. तेरा वर्षं. शेवटी आजारी पडली, अंगात काही उरलं नाही, तरी शेजारणीशी तेच. मला बघवेना. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, आई, आता पुरे. मी खरंच झोपलो होतो."

खाली दुकानात कोणीतरी सायकलचे चाक फिरवून पाहत होते. त्याची टकटक ऐकू येत होती.

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली. एवढंच. मग भांडली नाही कोणाशी. मला वाटलं, तिच्या जिवाला शांत केलं. दहाबारा दिवसांनी गेली."

आणि मग, कपाळावर आठी नाही, आवाजात धार नाही, नुसते माहिती घ्यावी तसे त्याने विचारले, "तुम्हाला कधी कळलं, साहेब?"

'बऱ्याच उशिरा' असे उत्तर देता आले असते. ते खरे होते. ज्या धंद्यात कमांडरांची हयात गेली, त्या धंद्यात अशी खरी उत्तरे पोत्याने मिळत. चौकशी समितीपुढे दिलेली दोन्ही उत्तरेही अशीच खरी होती. कमांडरांनी पिशवी जमिनीवर ठेवली.

"अकरा वर्षांनी," ते म्हणाले.

घारला हिशेबाला वेळ लागला नाही. "म्हणजे आई होती."

"होती. दोन वर्षं होती."

घार खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला; किती वेळ, याची नोंद नाही. कमांडरांनी पत्करण्याची तयारी केली होती ती शिव्यांची, फार तर हात उगारला जाण्याची. यातले काहीच झाले नाही. घारने एकदा बाहीने तोंड पुसले आणि वळला तेव्हा त्याचा चेहरा पूर्वीसारखाच, साहेबांसमोर असावा तसा होता. तेच कमांडरांना सोसले नाही.

त्यांनी पिशवीतली पाने काढली. "हे सगळं लिहिलंय मी. नव्या पुस्तकात येईल. माझ्या नावानं, माझी चूक म्हणून. सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की तू जागा होतास."

"त्याआधी कळेल की मला हाकललं होतं." घार पहिल्यांदाच मान न झुकवता बोलला. "आई गावी राहायची. इथं, घरात कोणाला माहीत नाही, साहेब. मुलाला सांगितलंय, आजीसाठी नोकरी सोडली. बडतर्फ हा शब्द ह्या घरात कधी आला नाही. पुस्तकात पहिल्या पानावर तो येणार, मग दहा पानांनी तुमचा खुलासा. लोक दहा पानं थांबत नाहीत. पोराला शाळेत विचारतील. नका छापू."

"मग मी काय करू?"

हा प्रश्न कमांडरांनी पन्नास वर्षांत कोणाला विचारला नव्हता. घारने कपाटाच्या तळातून एक लाकडी पेटी काढली. लहान, कोपरे खाचांनी इतके नेटके जोडलेले की कुठे खिळा नव्हता. "सुताराच्या हातची," तो म्हणाला. आत मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा होता, सगळ्या सुताराच्या बहिणीच्या नावाच्या, आणि त्याखाली चार घड्यांचा एक कागद होता, घड्यांवर फाटत आलेला. बडतर्फीचा दाखला. कारणाच्या रकान्यात टंकलेली ओळ अजून ठळक होती.

"लॉगबुकात चूक झाली की कसं करायचो, साहेब?"

कसे करायचे, हे जहाजावरच्या नव्या पोरालाही माहीत असते. लॉगबुकात खोडरबर चालत नाही, शाईचे फराटे चालत नाहीत. चुकीच्या मजकुरावर एकच रेघ ओढायची, खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचे. सही, तारीख, वेळ. चूक झाली होती हेही कळले पाहिजे आणि कोणी दुरुस्त केली हेही.

"याला कायद्यात काही किंमत नाही," कमांडर म्हणाले. इतक्या वर्षांची सवय जात नाही.

"मला कुठं विकायचाय?"

कमांडरांनी पेन काढले. 'पहाऱ्यावर झोप' या शब्दांवर आणि पुढच्या 'सहकाऱ्याचा मृत्यू' या शब्दांवर त्यांनी एक रेघ ओढली. समासात लिहिले: टेहळ्या जागा होता. हाक वेळेवर दिली. घड्याळ पुढे केल्याची नोंद पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने केली नाही. खाली सही, तेव्हाच्या हुद्द्याने. तारीख आणि वेळ आजची. घारने कागद लांब धरून वाचला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि घडी करून पेटीत ठेवला.

"आईला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला, "पण मी वाचून दाखवलं असतं."

पुस्तक पुढे निघाले ते तेरा प्रकरणांचे. एका वर्तमानपत्राने लिहिले की लेखकाने याही वेळी वाचकाला निखळ आनंद दिला आहे. चौदाव्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावर कमांडरांनी एकेक रेघ ओढली, आणि ताईंनी ती पाने आपल्या औषधांच्या डब्याखाली ठेवली. त्यांनी एवढेच विचारले होते, "गोड बोललास का?" आणि उत्तर ऐकून लाल शाईचे पेन कपाटात ठेवून दिले. त्यानंतर कमांडरांनी काही लिहिले नाही. गल्लीतले विचारत, पुढचे कधी? ते म्हणत, सुचत नाही. हे उत्तर मात्र साफ खोटे होते.

पण त्या दिवशी घार त्यांना बसथांब्यापर्यंत पोहोचवायला आला. कमांडरांनी नको म्हटले, तरी आला. थांब्यावर सिमेंटचा बाक होता. कमांडर बसले. घार शेजारी उभा राहिला, हात मागे बांधून, रस्त्याच्या टोकाकडे बघत. बस येताना तिची पाटी त्यालाच आधी दिसणार होती.

"खाली बस," कमांडर म्हणाले.

"सवय नाही, साहेब."

"बस. मी बघतो."

घार काही वेळ तसाच उभा राहिला. मग बाकाच्या अगदी कडेला टेकला, मग जरा आत सरकला. उन्हाची तिरीप त्याच्या गुडघ्यांवर होती. थोड्या वेळाने कमांडरांनी पाहिले, तर म्हाताऱ्याची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडे होते आणि श्वास संथ चालला होता.

बस आली. वाहकाने घंटी दिली, कमांडरांनी हातानेच जा म्हटले. ती गेली. पाऊण तासाने दुसरी आली, तिलाही त्यांनी जाऊ दिले. ऊन गुडघ्यांवरून सरकून पायांशी आले. कमांडर रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने पाहत राहिले, टेहळणीवरच्या माणसाने पाहावे तसे. त्यांची नजर आता फार लांब पोहोचत नव्हती, पण त्यांनी डोळा काढला नाही.

घार दचकून जागा झाला. आधी त्याने समोर पाहिले, मग कमांडरांकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती पन्नास वर्षांपूर्वीची होती.

"झोपलो मी. किती वेळ?"

कमांडरांनी मनगटावर पाहिले. "एक तास दहा मिनिटं."

घारने चेहऱ्यावरून हात फिरवला. मग त्याने विचारले, "कुणाच्या घड्याळाप्रमाणे?"

"माझ्या."

"लिहून ठेवा, साहेब," घार म्हणाला. तो हसला नाही. रस्त्याच्या टोकाला कमांडरांना अजून काहीच दिसत नव्हते, पण घार उठून उभा राहिला होता. "आली तुमची बस."